निळ्याकडे

भरडा बाईंची गाडी आली तेव्हा मे महिना होता.
देवळाली कॅम्पहून द्वारकेपर्यंत येईतो
बाईंचा उजवा पाय उकडून निघालेला.
"हीटर," त्या म्हणाल्या, "बंद केला की चालू असतो."
मग रिकाम्या डाव्या सीटकडे बोट,
"आणि तिकडचा चालू केला तरी बंद."

सदुसष्टची मर्सिडीज. डॅशवर दोन दांड्या,
उजवीकडची वेगळी, डावीकडची वेगळी,
वर लाल ठिपका, खाली निळा.
बनवणाऱ्यानं धरूनच चाललं होतं
की शेजारी बसलेल्याला वेगळी थंडी वाजेल.

माझ्याआधी तिघांनी बॉनेट उघडून एकच सांगितलेलं:
बायपास करा. पाइपाला पाइप जोडा, विषय मिटला.
नाशकात हीटर लावतो कोण?
मीही तेच बोलणार होतो, जीभ चावली.
बाई म्हणाल्या, "निळं म्हणजे गार. तर गार पाहिजे.
लाल म्हणजे गरम, तर गरम.
लावीन की नाही, ते मी बघेन ना, तांबट."

तर आधी हात.
इंजिन तापू द्यायचं, काटा ऐंशीला आला
की जाणारा पाइप धरायचा, मग येणारा.
उजवी दांडी निळ्यावर, तरी दोन्ही पाइप चटके देतात:
व्हॉल्व्ह मिटत नाही.
डावी दांडी लालवर, एक पाइप चटका,
दुसरा पालीच्या पोटासारखा गार:
उघडत नाही. किंवा उघडतो, पण पुढे गाळ आहे.
किंवा केबलच अडकलीय आणि व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष.
केबल सोडवून बोटानं लिव्हर ढकलला.
उजवा निर्दोष नव्हता.
डावा होता.

उजवा खोलला. पितळ उघडं पडलं
म्हणतात ते हे असं, हिरवट, काठाला मिठासारखी पूड.
बाप तांबट आळीत हंडे ठोकायचा.
ठोकून ठोकून कान गेले,
तरी पितळ खरं का खोटं हे नख वाजवून सांगायचा,
ऐकून नाही, नखातून.
मी ठोकणं सोडलं, अंबडला लेथवर गेलो,
पण नख वाजवलंच.
खरं होतं. नुसता दांडा झिजलेला, आणि रबर
बोटात धरलं तर भाकरीच्या पापुद्र्यासारखं तुटलं.

दांडा कातला एका संध्याकाळी.
रिंग कुठेच मिळेना, शेवटी ठिबकच्या दुकानात मिळाली,
पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांसाठी ठेवलेली.
मापाला अशी बसली की मी स्वतःलाच चहा पाजला.

चौथ्या दिवशी फोन. पायाशी गोडसर वास,
कार्पेट ओलं, काच आतून धुरकट.
वेलीला थेंब थेंब पाजणारं रबर ते,
उकळतं पाणी त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.
चूक माझी. पैसे परत द्यायला निघालो तर बाई म्हणाल्या,
"पैसे नको. काम परत करा."

सुकदेव आहिरेनं सातपूरहून बॉयलरची रिंग आणली,
काळी, जाडजूड, न हसणारी.
डावीकडचा गाळ मात्र बादल्यांनी निघाला:
पहिली चहासारखी, दुसरी कमी चहासारखी,
सातव्या बादलीला पाणी पाणी दिसलं.
किती वर्षं तिकडे काही वाहिलं नव्हतं
हे मी विचारलं नाही.

जानेवारीत बाई ऑइल बदलायला आल्या, सकाळी सातला.
निफाडला पारा चारवर, माझ्या पान्यालाही हात लावेना.
"बसा, आवाज ऐकून सांगा," म्हणाल्या.
मी डावीकडे बसलो.
गाडी मुंबई नाक्याला वळता वळता
त्यांनी न बघता डावी दांडी लालवर ढकलली.
आधी अंगठा, मग टाच, मग पोटरी.
"येतंय?"
"येतंय."

इंजिनाच्या आवाजात खोट नव्हती, तसं सांगितलं.
उतरलो, दार लावलं, काचेतून दिसलं:
बाई वाकल्या आणि डावी दांडी
परत निळ्याकडे नेली, सावकाश,
टक् होईपर्यंत.