पाठकोरे

यंदा वह्या निम्म्याच आल्या.
कागद वाचवा, असं सांगणारं पत्रक मात्र
तीन प्रतींत आलं.

मग मी ते कपाट उघडलं
ज्याला आधीच्या गुरुजींनी
कुलपाऐवजी सुतळी बांधून ठेवली होती.
आत गठ्ठे : जुनी हजेरी, पोलिओची यादी,
तांदूळ इतका, वाटाणा इतका,
चक्रमुद्रित प्रश्नपत्रिका, शाई फुटलेली.
सगळ्यांची पाठ कोरी.
वाळवी एका कोपऱ्यातून वाचत आली होती,
निम्म्यावर कंटाळून थांबलेली.

शनिवारी पोरं बसली दाभण घेऊन, गोधडीचा दोरा घेऊन.
शिवणीला आधार म्हणून कामट्या दिल्या
रितेशच्या बापानं, सुपं विणणाऱ्या.
म्हणाला, "बांबूचे टरक बल्लारपूरले जातेत, गुर्जी,
कागद व्हाले.
हा एवढा वापस आला समजा."

बेरजा पाटीवर, पुसल्या की गेल्या.
शुद्धलेखन व्हरांड्यातल्या फरशीवर, खडूनं.
पाठकोऱ्यावर तेवढंच, जे उरावं असं वाटेल.
हे मी मोठ्या शहाणपणानं ठरवलं होतं.
निम्म्या वर्गानं पहिल्या पानावर
ट्रॅक्टर काढला.

अस्मिता सिडाम काहीच लिहीत नव्हती.
"काहून गं?"
तिनं पान उलटून दाखवलं.
इयत्ता चौथी, वार्षिक निकाल.
अनुक्रमांक अकरा, शेवंता लक्ष्मण कुळमेथे.
गणित सात.
शेरा लाल शाईत. लाल आता विटकरी झालेलं.
"माह्या मायचं नाव हाये.
यावर मी नाई लिवत."

माय पलीकडे शेडमध्ये, खिचडीच्या गंजाशी.
मी काही बोलायच्या आत
पोरगी वही घेऊन तिकडं पोचलीसुद्धा.

शेवंताबाईंनी पदराला हात पुसला, नीट पुसला नाही.
कागद लांब धरला, मग जवळ.
"सात होते काय?
मले आजवर वाटे, पाच."
आणि हसल्या, वाफेकडे तोंड करून.
गंजातला झारा एकदा फिरवला.
मग पान उलटं केलं.
"इकडून कोरं हाये नं?"
"हो."
"मंग लिव."

दुपारी वही तपासायला माझ्या टेबलावर आली.
भागाकार. बारीक अक्षरात, बाकी तीन.
कडेला हळदीचं एक बोट उमटलेलं,
आणि आकडे त्याला वळसा घालून
खाली उतरलेले.