पस्तिसातला पाच

शटरं वर गेली तेव्हा पहिला फोन मला आला.
डॉक्टरला नाही, बँकेला नाही,
दस्तगीर पेंटरला.
फ्लेक्स आल्यापासून ज्यांनी ओळख दाखवली नव्हती
ते म्हणाले, मामू, फक्त आकडे बदलायचेत,
अक्षरं राहू देत, अक्षरं चांगली हैत.

चांगली असणारच.
'मिसळ'मधला ळ मी अठ्ठ्याण्णव साली काढलाय,
गंगावेशीतल्या म्हशीच्या शिंगांगत वळवून.

बंदच्या दिवसांत एकच काम होतं:
दुकानासमोर पांढरे गोल काढायचे,
सहा-सहा फुटांवर, माणसं उभी करायला.
दूधकट्ट्यापुढं चौदा, मेडिकलपुढं नऊ.
आता रस्त्यावरचे पुसले गेले, टायरांनी, चपलांनी.
आणि तेच गोल बघा, फळ्यावर चढलेत,
शून्य होऊन.

तिनाचा सहा करायला वेळ लागत नाही.
दोघं एकाच कुंचल्याची लेकरं,
एकमेकांकडं पाठ करून बसलेली.
पाचाचं शून्य तर त्याहून सोपं.
हौसाबाई माळकर स्टूल धरून उभ्या होत्या,
नजर खाली, जणू मी त्यांचंच काही
भर रस्त्यात उघडं करत होतो.
"तेल बघा की हो किती झालंय."
मी विचारलं नव्हतं.
"गॅस बघा. पोरं गावाकडनं आलीच न्हाईत,
एकटा येतोय त्यो रोज पाचशे मागतोय.
कट कमी करू? पातळ करू?
कोल्हापुरात?"
मी म्हणालो, स्टूल हलतंय.

करुणाकर शेट्टींच्या परमिट रूममध्ये
सगळाच फळा उतरवावा लागला.
बिअर, क्वार्टर, अंडा बुर्जी, सुकं मटण,
एक आकडा जाग्यावर ठेवला नाही.
लायसनसाठी बायकोच्या पाटल्या गेल्यात, ते म्हणाले,
आणि मग, जरा थांबून, आवाज उतरवून:
"खाली जागा आहे का? शेंगदाणे लिहा."

शेंगदाणे कधी फळ्यावर नव्हते.
बसलं की बशी यायची, विचारायची नाही, मोजायची नाही.
अख्ख्या वर्षात तेवढंच एक अक्षरकाम मिळालं मला.
शें-ग-दा-णे. वीस.
जीव लावून काढलं. सावली दिली.
संध्याकाळी उद्यमनगरातले फौंड्रीवाले तिघं आले,
चार नंबरच्या टेबलावर बसले, वर बघितलं,
वाचलं, पुन्हा वाचलं.
एकानं खिशातनं चुरमुऱ्याची पुडी काढली.
वेटरनं सवयीनं चार ग्लास ठेवले होते,
कुणी काही बोललं नाही,
त्यानं एक उचलून नेला.

"सगळ्यांचं वाढवलंस," शेट्टी पैसे मोजताना म्हणाले,
"तुझा रेट काय अजून तोच?"
आकड्याला तीस.
पेंटचा डबा वाढलाय, टर्पेंटाईन वाढलंय,
कुंचल्याचे केस तर माझ्यापेक्षा लवकर गळतात.
पण वाढवायचं कुठं?
माझ्या दुकानाला फळाच नाही.

गुरुवारी हौसाबाईंकडं मिसळ खाल्ली.
बाजूचा पोरगा मित्राला सांगत होता,
भावा, ह्येनी लुटायलेत आता.
मी पाव रश्शात बुडवला, वर बघितलं नाही.
उठताना साठ ठेवले.
त्यांनी पंचवीस परत सरकवले, गल्ल्यावरून,
बोटाच्या टोकानं, न बघता.
"तुमच्यासाठी जुनाच हो."
"मग मी लिहिलेलं खोटं काय?"
"ऱ्हाऊ द्या. लिहिणाऱ्यानं वाचायचं नसतंय."

मी नोटा बशीखाली सारल्या आणि निघालो.
दुपारचं ऊन तिरकं पडलं की फळा बोलतो,
हे मला एकट्यालाच ठाऊक:
पहिला हात पातळ बसला होता,
शून्याच्या पोटात पाच दिसतो अजून,
लाल, जुना, माझ्याच हातचा.
दुसरा हात मारायला हवा होता.
मारला नाही.

चौकापर्यंत पोहोचलो नाही तोवर
पोरगं धापा टाकत मागनं:
"मामू, पैसं विसरलासा!"
मुठीत पंचवीस रुपये कोंबले आणि पळालं.

मी तिथंच उभा. हिशेब आपोआप झाला, सवय.
पंचविसात माझा एक आकडासुद्धा होत नाही.
पाच कमी पडतात.