पट्ट्यांचे ठिपके होईपर्यंत

अंडं विमानानं आलं.
थंड पेटीत, ओल्या स्पंजात, देशोदेशीचे शिक्के मिरवत,
पापुआच्या टोकाला, राजा अंपतच्या एका धक्क्यावर.
दोर्किनानं हातात घेतलं तर
कुणाचं तरी भिजलेलं चामडी पाकीट वाटलं,
कडेला केस फुटलेलं.
अंधारात मागून बॅटरी धरली
तेव्हा कळलं, आत कुणीतरी जागं आहे.

"याचा बाप?"
"आहे ना, ऑस्ट्रेलियातल्या टाकीत," निंग्रुमबाई म्हणाल्या.
"पण नर नसला तरी या झेब्रा शार्क कधीकधी
एकट्याच अंडी घालतात, आणि पिल्लं निघतात.
तसली आपण सोडत नाही. रक्त फारच एका वळणाचं."
दोर्किना गप्प राहिली.
बेटावरच्या तशा दोघीतिघी आठवल्या तिला;
त्यांचं रक्त कुणी तपासलं नव्हतं,
नुसती जीभ चालवली होती.

ओबेद, तिचा बाप, रोज पहाटे शंख आणतो.
होडी बांधतो, बादली पायरीवर ठेवतो, आत येत नाही.
तीस वर्षांपूर्वी याच पाण्यात
त्यानं पर तेवढे कापून घेतले
आणि धडं परत ढकलली, जिवंत.
एका मोसमात किती, ते बोटांवर सांगायचा.
आधी बोटं पुरेनात.
मग मुश्या पुरेनात.
पुढे निंग्रुमबाईंच्या माणसांनी
हजारो तास पाण्याखाली डोळे फोडले,
या जातीच्या दिसल्या तीन.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
या बाळाला पायच नाहीत,
पाळणा म्हणजे उथळ पाण्यातलं जाळीचं कुंपण,
आणि अंगावर काळेपांढरे पट्टे,
जे वाढता वाढता तुटतात आणि ठिपके होतात.
दर सोमवारी दोर्किना त्याला उताणं करते.
उताणी केली की मुशी निपचित पडते,
का, ते अजून शास्त्रालाही नीट ठाऊक नाही.
मग पट्टी. सव्वीस सेंटीमीटर.
एकतीस.
चव्वेचाळीस, आणि शेपटीजवळ पहिला पट्टा फुटलेला.
मग फोटो, कारण प्रत्येकीची नक्षी निराळी,
मतदाराच्या अंगठ्यासारखी.

एकदा ओबेद आत आला.
वाकला. डोळा सवयीनं शेपटीवर गेला.
किलोचा भाव जिभेच्या टोकाशी आला असणार,
कारण त्यानं ओठ घट्ट मिटले.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"शंख फोडून देतेस याला?
नको देऊस. बाहेर कोण फोडून देणार आहे."

सोडायच्या दिवशी पाद्र्यांनी प्रार्थना म्हटली,
सासीच्या वेळी म्हणतात तीच,
पाण्याला कुलूप घालताना,
की अमुक महिने इथून कुणी काही काढणार नाही.
आज काढायचं नव्हतं, घालायचं होतं.
त्यासाठी वेगळी प्रार्थना कुणालाच येत नव्हती.
दोर्किनानं हात सैल केले.
तिला वाटलं होतं, थोडं घुटमळेल.
नाही घुटमळलं.
वाळूला पोट घासत गेलं,
मागे एक बारीकशी रेघ, तीही लाटेनं पुसली.

सतराव्या रात्री, दोन वाजून चौदा मिनिटांनी,
खडकाला बांधलेल्या यंत्रानं एक ठोका नोंदवला.
नंतर नाही.

"वाजलं?" ओबेद विचारतो.
"नाही."
"लांब गेलं असेल."
"असेल."
यंत्राला थोड्याच अंतरापर्यंतचं ऐकू येतं,
हे दोघांना माहीत आहे. त्याचा दोघांना आधार आहे.

तो बादली पायरीवर ठेवतो.
आज शंख चांगले मोठे आहेत, निवडून आणलेले.
आत फक्त दोन नवी अंडी आहेत,
त्यांना खायला अजून तोंडही फुटलेलं नाही,
हे दोर्किना त्याला सांगत नाही.