कारण निवडा

पाटोवर, चौथ्या मजल्यावर, रात्रपाळीला मी असते.
समोरच्या पडद्यावर चोडणची मानस म्हणजे एक हिरवा ठिपका.
मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार, खाडी आणि शेत यांच्या मधलं.
मी डिचोलीची, खाणीच्या धुळीतली.
मलाही हे इथं नोकरीला लागल्यावरच कळलं.

प्रशिक्षणात सांगितलं, दार आता स्वयंचलित झालंय.
ते बसवायला गेलेला पोरगा सांगत होता,
हे ऐकून म्हातारा इनास हसत बसला बांधावर.
म्हणाला, पुता, तें आदींच तशें आसलें.

भरती यायची, फळ्या मिटायच्या.
सुकती लागायची, आतलं पाणीच त्या ढकलून बाहेर पडायचं.
चंद्राला कुणी पासवर्ड विचारत नव्हतं.

आता भरती आधी बंगळूरला जाते,
परवानगी घेऊन मानशीपाशी परत येते,
तोवर कोरगुट भात गळ्यापर्यंत बुडालेलं असतं.
करारात सतरावं कलम आहे:
पाणी किती वेळ अडवायचं, हा निर्णय कंपनीचा.
खाली सरकारची सही, निळ्या शाईत, घाईची.
शेत तीन हंगाम खारं राहिलं की पडीक.
पडीक झालं की नकाशावर त्याचा रंग बदलतो,
आणि रंग बदलणाऱ्यांच्या बुटाला चिखल लागत नाही.

श्रावणात एकदा, दोन वाजून दहा मिनिटांनी,
ठिपका लाल झाला.
कॅमेऱ्यात एक वाकलेला माणूस,
डोक्यावर खताचं पोतं, दातात टॉर्च,
दोन्ही हातांनी दार वर ओढतोय.
पडदा म्हणाला, कारण निवडा.
वारा. कचरा. प्राणी. अनधिकृत व्यक्ती.
चौथं निवडलं की निरोप थेट चौकीवर जातो.
माझं बोट तिसऱ्यावर पडलं.
तपशील: खेकडा.

त्या पावसात अकरा वेळा खेकडा.
बंगळूरच्या साहेबांनी विचारलं,
खेकड्याचं वजन साधारण किती असतं?
मी कळवलं, चोडणचे मोठे असतात.

आमच्याही दाराला चेहरा दाखवावा लागतो.
मी चहाला उठले की माझं नाव पिवळं होतं,
सातव्या मिनिटाला लाल.
तिथं कारण निवडायला देत नाहीत.

एका रविवारी फोन तांदळाच्या डब्यात पुरला
आणि फेरीत बसले.
तिकीट लागलं नाही, नाव कुणी विचारलं नाही,
एवढ्यानंच मला काहीतरी चोरल्यासारखं वाटत राहिलं.

इनासला मी कोण ते सांगितलं नाही.
तोही विचारण्याच्या फंदात पडला नाही.
फळी फुगून अडकली होती. म्हणाला, धर.
मी धरली.
शेवाळ, शिंपल्यांची धार, तळव्यात एक बारीक कापा,
मग एकदम सगळा जोर ढिला पडला
आणि दिवसभर कोंडलेलं पाणी
माझ्या पोटऱ्यांमधून निघून गेलं,
कुठं जायचं ते त्याला माहीत होतं.
निघताना त्यानं दोन कुर्ल्या दिल्या, नांग्या बांधून.
घरी आणल्या. आईनं आंबट केलं.

सोमवारी रविवारची नोंद उघडीच होती, लाल.
चित्रात दोन सावल्या वाकलेल्या,
एकीची वेणी पाण्याला टेकत होती.
कारण निवडा.
प्राणी.
तपशिलात जुना शब्द आपोआप आला: खेकडा.
मी शेवटचा काना पुसला,
मात्रा दिली.