समकक्ष

दुपारी अडीचची बैठक, गणेशखिंडीत, दुसऱ्या मजल्यावर.
मसुदा पाचवा. पानं एकोणचाळीस, दोऱ्यानं बांधलेली,
कारण स्टेपलरची पिन तिथपर्यंत पोचत नाही.

विषय पहिला : सर्वांनी काय शिकलंच पाहिजे.
पर्यावरण राहिलं. संविधान राहिलं, एका क्रेडिटवर आलं.
कलास्वाद आणि आरोग्य एकाच बास्केटमध्ये बसवले.
इनामदार सर म्हणाले, मग पोरं योगच घेणार,
सकाळी सातला, आणि शवासनात झोपणार.
कुणी हसलं नाही.
मी इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

विषय दुसरा : बाहेरून आलेल्यांचं काय.

जयवंती वसावे. अक्कलकुव्याकडची गुणपत्रिका,
दोन वर्षं, अठ्ठ्याऐंशी क्रेडिट,
त्यातले चार असे, की आमच्या तक्त्यात त्यांना ओळच नाही :
'देहवाली बोली, शब्दसंकलन, क्षेत्रकार्यासह.'
सोबत वही जोडलेली. नियमाप्रमाणे गरज नव्हती.
गवताला सत्तावीस शब्द.
गुरं खातात ते. गुरं तोंड लावत नाहीत ते.
छपराला चालतं ते, चालतं पण दोनच वर्षं ते,
कापताना हात कापतं ते.

वही टेबलावरून फिरली. गुर्जर मॅडमनी
चष्मा कपाळावर चढवून वाचली, बराच वेळ.
मग म्हणाल्या, सुंदर आहे हो,
पण आपल्याकडे याला समकक्ष काय?

समकक्ष.
एकोणीस वर्षं हा शब्द टाइप करतोय,
अजूनही मधला क्ष बोटाला सापडत नाही.

शोधलं. मिळालं : 'संवादकौशल्य, पायरी एक',
क्रेडिट दोन. मुलाखतीत हात कुठे ठेवावेत वगैरे.
चारातले दोन मान्य. उरलेले कलम सात-ब खाली व्यपगत.

एसटीच्या टपावर पोतं टाकलं
तर कंडक्टर कुरकुरतो, लगेजचं तिकीट फाडतो,
पण शिवाजीनगरला पोतं अख्खं उतरतं.
हे मी बोललो नाही. मला बोलायचं नसतं, लिहायचं असतं.

ती व्हरांड्यात बसली होती, पात्रता विभागाच्या बाकावर,
मांडीवर पाण्याची बाटली आडवी.
निर्णय सांगितला. तिनं शांतपणे विचारलं,
"कोणते दोन गेले, सर?"

मी म्हटलं, तसं नसतं.
म्हटलं, ते नुसते आकडे असतात, बाळ.
ती हो म्हणाली. वही मागून घेतली,
आणि तिथेच उघडून पाहिली,
सगळं आहे ना.

सहाला खाली आलो. पेव्हर ब्लॉकच्या फटीतून वर आलेलं,
माझ्या गाडीच्या स्टँडखाली दबलेलं जे काही होतं
त्याला काय म्हणतात
हे विचारायचं राहिलं.

सहावा मसुदा सोमवारी गेला.
समकक्षतेच्या तक्त्याच्या शेवटी एक ओळ मोकळी आहे,
अनुक्रमांक आहे, पुढे काही नाही.
कुणी विचारलंच, तर सांगेन :
छपाईची चूक.