दाराजवळची खोली

तारीख ठरवण्यातच दोन महिने गेले.
जून म्हटलं, तर लिओनिल्दोने कपाळावर हात मारला:
"झुल्मिरा, अगं साओ जुआंवच्या जत्रेत
आपल्याच पाहुण्यांना पाठ टेकायला जागा नसते,
हे त्रेचाळीस जण निजवणार कुठे? चर्चच्या बाकांवर?"
जानेवारीत समुद्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
शेवटी ऑक्टोबर.
तेव्हा धुकं उतरलंच
तर विमान आंग्रावर दोन घिरट्या घालतं
आणि परत लिस्बनला जातं.
आवाज येतो, माणसं येत नाहीत.
तेही पत्रात लिहिलं. लपवून काय करायचं?

परिषद जुन्या भिंतींची आहे.
चुना किती दिवस मुरवावा,
दगडाने दगडाला कसं धरून ठेवावं,
यावर तीन दिवस बोलतील.
मला त्यातलं काही कळत नाही. मी नगरपालिकेतली.
माझ्याकडे खोल्या, टॉवेल,
आणि मातीच्या हंडीतलं गोमांस
कोण खातं, कोण नाही, याचा तक्ता.

प्रश्न संपत नाहीत.
गेंटच्या बाई विचारतात, छत्री आणू का?
आणू नका, बाई. आमचा वारा छत्र्यांवरच जगतो.
एका प्राध्यापकांना समुद्र दिसणारी खिडकी हवी.
साहेब, समुद्र न दिसणारी मागितली असती
तर शोधावी लागली असती.
एक सूचना मी माझ्या मनाने घातली:
रात्री बाहेर तान्हं मूल रडतंय असं वाटेल.
दिवा लावू नका, खाली पळत येऊ नका.
कड्यावरचे कागारो आहेत, पाखरं.
आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत दोरीचा बैल सुटणार,
दारांना फळ्या लागणार,
म्हणजे चुन्याचं प्रात्यक्षिक सकाळीच उरकायचं.
बैलाला वेळापत्रक कोण वाचून दाखवणार?

अर्जात तळाशी एक ओळ होती, काही विशेष गरज?
बहुतेकांनी कोरी सोडली.
कुणी लिहिलं, दूध सोसत नाही. कुणी, गुडघे.
फॉल रिव्हरहून एक अर्ज. व्हर्जिलिओ टोस्टे,
गवंडी, वय बासष्ट:
"तळमजला. दाराजवळ."
पुढे काही नाही.

लिओनिल्दो म्हणाला, पाय दुखत असतील बिचाऱ्याचे.
लिओनिल्दो तेव्हा जन्मला नव्हता.

ऐंशी सालची पहिलीच दुपार.
मी सात वर्षांची, हातात अर्धा खाल्लेला केक.
समोरच्या घराची भिंत
कुणी पदर सोडावा तशी खाली आली
आणि रस्त्यावरून मला वरचा पलंग दिसला,
चादर घडी घालून ठेवलेली,
खिळ्यावर आरसा.
आरशाला काही झालं नव्हतं.
त्या पलंगावर कोण झोपायचं, हे मला ठाऊक होतं.
उन्हाळ्यापर्यंत वर्गातली निम्मी मुलं अमेरिकेला गेली.
बाकं होती तशीच राहिली,
आम्ही ऐसपैस बसायला शिकलो.

अजून माझ्या पलंगाखाली बूट असतात,
नाडी न बांधता पाय सरकेल असे.
दार बोटभर उघडं.
तीस वर्षं झाली, आदलबेर्तु म्हणतो, गार लागतं.
तीस वर्षं मी म्हणते, पांघरूण घे.

गेंटच्या बाईंना वरच्या मजल्यावर हलवलं.
पहिल्या खोलीपुढे टोस्टे लिहिलं.
मग दुपारी उठून लॉजवर गेले.
दार पावसाने फुगलेलं, उंबऱ्याला घासत होतं.
मालकीण म्हणाली, थोडं उचलून ओढलं की उघडतं.
म्हटलं, उचलून नको. एका हाताने उघडलं पाहिजे,
अंधारात.
तिने माझ्याकडे पाहिलं.
सुताराला मीच फोन लावला.

संध्याकाळी टॉवेल पुन्हा मोजायला बसले.
सहा कमी भरत होते.