पुढील आदेशापर्यंत

जळगाव जेलच्या रजिस्टरात
शमसुद्दोहाची सजा संपली
आखाजीच्या आदल्या दिवशी.
सुटकेच्या रकान्यात मीच लिहिलं :
पुढील आदेशापर्यंत.

त्याचा देश म्हणतो, आमचा नाही.

दुसरी आखाजी आली.
लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, सोडले.
तो बराकीत भाकरी मोडता मोडता
आता अहिराणीत विचारतो,
"दादा, कवय?"

खंडपीठानं काल एवढंच विचारलं :
पुढील म्हणजे किती तारखेला?
सरकारी वकील फाइल चाळत राहिले.

मी रावेरकडचा.
आमच्याकडे केळीचा घडसुद्धा
दिवस मोजून उतरवतात.

संध्याकाळी निकाल आला, नव्वद दिवस.
त्यापुढे ठेवायचं तर कारण लिहा.
रकान्यात मी आकडा टाकला,
पेन्सिलीनं.
शाईची अजून
सवय नाही.